सामाजिक संस्थांनी नाव आणि बोधचिन्ह बदलण्याचा सोस सोडावा

पायवाट (धागा सुरू करताना)

ज्या संस्थेत मी बऱ्याच वर्षांपासून स्वयंसेवक म्हणून जातो, तिथे सध्या रीब्रँडिंगचं वारं आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे घरभेटी देणं, औषधं पोचवणं, दवाखान्यात सोबत जाणं हे संस्थेचं काम. नाव जुनं, लांबलचक, संस्थापकांच्या आईच्या स्मृतीचं. विश्वस्तांनी एका एजन्सीला काम दिलं आणि मागच्या बैठकीत पडद्यावर नवं नाव झळकलं. छोटा, गोड, कशालाही लागू पडेल असा एक शब्द. सोबत बोधचिन्ह, घोषवाक्य, रंगसंगती. निळ्याची कोणती छटा घ्यायची यावर बराच वेळ खल झाला. घरभेटीच्या प्रतीक्षायादीचा विषय त्याच दिवशी होता, तो वेळेअभावी पुढच्या बैठकीवर गेला.

माझं मत सरळ आहे. दोन संस्था एकत्र आल्या, काम मुळातूनच बदललं, किंवा ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांनाच ते नाव टोचतं, अशा वेळी नाव जरूर बदलावं. 'जुनाट वाटतं', 'तरुण देणगीदारांना भावत नाही', 'सोशल मीडियावर बसत नाही' ही कारणं मला पटत नाहीत. संस्थेचं नाव म्हणजे लोकांनी वर्षानुवर्षं टाकलेला विश्वास असतो. तो एका सादरीकरणाच्या जोरावर मोडीत काढायचा अधिकार विश्वस्तांना आहे, असं मी मानत नाही.

ब्रिटनमधलं उदाहरण बघा. कर्णबधिरांसाठी काम करणारी आरएनआयडी (रॉयल नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर डेफ पीपल) ही १९११ साली सुरू झालेली संस्था. २०११ मध्ये, शंभरी भरत असताना, तिने 'ॲक्शन ऑन हिअरिंग लॉस' हे नाव घेतलं. ऐकायला अर्थपूर्ण, काम सांगणारं. २०२० मध्ये संस्था पुन्हा आरएनआयडी झाली. नऊ वर्षांत दोनदा पाट्या, दोनदा पत्रकं, दोनदा लोकांना समजावणं. तो पैसा आणि ती माणसांची शक्ती श्रवणयंत्रांच्या कामी आली असती.

तुमचं काय मत?

रंगरेषा

मी याच क्षेत्रात काम करते, सामाजिक संस्थांसाठी बोधचिन्हं आणि छपाईचं साहित्य तयार करते. त्यामुळे माझा हितसंबंध आधीच सांगून टाकते. तरीही ठामपणे असहमत.

तुम्ही नाव म्हणजे साठलेला विश्वास म्हणता. ज्यांना संस्था आधीपासून माहीत आहे त्यांच्यापुरतं ते खरं आहे. ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी नाव म्हणजे दार, आणि ते दार बंद दिसलं तर आत किती चांगलं काम चालतं हे कळायची सोयच उरत नाही.

ब्रिटनमधलंच उदाहरण घ्यायचं तर 'स्पास्टिक्स सोसायटी' घ्या. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मुलांच्या पालकांनी एका समाजसेविकेसोबत १९५२ मध्ये सुरू केलेली ही संस्था. तेव्हा 'स्पास्टिक' हा साधा वैद्यकीय शब्द होता. पुढे शाळेच्या मैदानावर पोरं एकमेकांना चिडवायला तोच शब्द वापरू लागली. ज्या आईला आपल्या बाळाबद्दल डॉक्टरांनी नुकतंच सांगितलंय, तिने मदतीसाठी पहिला फोन या नावाच्या ठिकाणी करायचा? १९९४ मध्ये संस्थेने 'स्कोप' हे नाव घेतलं. आणि गंमत म्हणून नाही, अगदी गंभीरपणे सांगते, 'स्कोप' हा तुम्ही म्हणता तसलाच शब्द आहे. छोटा, कशालाही लागू पडणारा. पण म्हणूनच तो कुणाच्या कपाळावर शिक्का मारत नाही.

निळ्याच्या छटेबद्दल एकच सांगते. अक्षरांच्या आणि पार्श्वभूमीच्या रंगांत पुरेसा फरक नसला तर मोतीबिंदू असलेल्या माणसाला पत्रकावरचा फोन नंबर वाचता येत नाही. तुमची संस्था वृद्धांसाठी आहे. त्या बैठकीत ही चर्चा याच कारणासाठी झाली की नुसती आवडीनिवडीवरून, हे मला माहीत नाही. पण विषय फालतू नाही.

तिसरा बाक

दोघांनीही ब्रिटनची उदाहरणं दिलीत, तर मीही तिथूनच सुरुवात करतो. रंगरेषा, 'स्कोप' योग्यच होतं. पण नाव बदललं की शिक्का गळून पडतो, हे मला तितकंसं मान्य नाही.

१९४६ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांनी तिथे संघटना काढली. नावात त्यांनी स्वतःच 'बॅकवर्ड चिल्ड्रन' असे शब्द घातले, कारण त्या काळी तोच सभ्य शब्द होता. पुढे तो अपमानास्पद ठरला म्हणून 'मेंटली हँडिकॅप्ड' आलं. मग तेही खटकू लागलं आणि आज ती संस्था नुसती 'मेन्कॅप' आहे. अमेरिकेतही हेच. १९५० मध्ये पालकांनीच 'मेंटली रिटार्डेड' हे शब्द घालून संघटना उभी केली. नाव बदलत बदलत १९९२ मध्ये ते 'द आर्क' एवढंच उरलं, आणि ती अक्षरं आता कशाचंही लघुरूप मानली जात नाहीत. समाजाची नजर बदलत नाही तोवर नवा शब्दही मळतो. मग पुन्हा एजन्सी, पुन्हा बैठक.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. टिकलेली नावं बहुतेकदा लोकांच्या तोंडात आधी रुळली आणि कागदावर नंतर आली. ऑक्सफॅम १९४२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं 'ऑक्सफर्ड कमिटी फॉर फॅमिन रिलीफ'. 'ऑक्सफॅम' हा तिचा तारेचा (टेलिग्रामचा) पत्ता. १९६५ मध्ये तोच संस्थेचं नाव म्हणून स्वीकारला गेला.

'मार्च ऑफ डाइम्स'ची कथा तर पायवाट यांच्या नियमालाही धक्का देणारी आहे. राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी १९३८ मध्ये पोलिओविरुद्ध जी संस्था स्थापन केली तिचं अधिकृत नाव 'नॅशनल फाउंडेशन फॉर इन्फंटाइल पॅरालिसिस' असं भारदस्त होतं. एडी कँटर या विनोदी कलाकाराने रेडिओवरून लोकांना आवाहन केलं, की प्रत्येकाने एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, थेट व्हाइट हाउसला पाठवावं. त्या मोहिमेला त्याने दिलेलं नाव म्हणजे मार्च ऑफ डाइम्स. नाण्यांची पाकिटं इतकी आली की तिथली टपाल व्यवस्था तुंबली. १९५५ मध्ये साल्क यांची लस परिणामकारक असल्याचं जाहीर झालं आणि संस्थेपुढे प्रश्न उभा राहिला, आता पुढे काय? १९५८ मध्ये तिने जन्मजात व्यंगांचं काम हाती घेतलं. म्हणजे काम मुळातून बदललं. पायवाट यांच्या नियमाने इथे अगदी नवं नाव शोधायला हवं होतं. झालं उलटंच. लोकांना माहीत असलेलं मोहिमेचं नाव पुढे अधिकृत झालं आणि आजही तेच आहे. 'डाइम्स' या शब्दात ना पोलिओ आहे, ना बाळं. पण आपलं नाणं त्यात आहे असं लाखो लोकांना वाटत होतं, आणि ते टिकवणं शहाणपणाचं ठरलं.

नदीकाठ

तिसरा बाक यांना +१. माझा आक्षेप वेगळ्या प्रकारच्या नामांतराला आहे. काही तरी भयंकर घडतं आणि मग नाव बदललं जातं.

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं उत्तेजक सेवन २०१२ मध्ये उघड झालं आणि त्याच वर्षी 'लान्स आर्मस्ट्राँग फाउंडेशन'चं 'लिव्हस्ट्राँग फाउंडेशन' झालं. कर्करुग्णांसाठीचं काम चांगलं होतं, त्यात खोट नव्हती. पण डाग नावापुरता नव्हता. नायकी कंपनीने २०१३ मध्ये लिव्हस्ट्राँगच्या नावाची उत्पादनं थांबवायचं जाहीर केलं. म्हणजे नाव बदलूनही सुटका नाहीच.

'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका'ने मे २०२४ मध्ये नाव बदलायचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२५ पासून ती 'स्काउटिंग अमेरिका' झाली. त्याआधी २०२० मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे ८०,००० हून अधिक दावे तिच्यावर होते. अशा वेळी नवं नाव ऐकलं की मला त्या माणसांचं काय वाटत असेल हाच विचार येतो. ज्या संस्थेत आपल्यावर अत्याचार झाला, त्या नावाची संस्थाच आता अस्तित्वात नाही?

रंगरेषा

नदीकाठ, तुमचा राग रास्त आहे, पण स्काउट्सच्या बाबतीत अर्धीच गोष्ट सांगताय. लहान वयाच्या गटांमध्ये मुलींना २०१८ पासून आणि मोठ्या वयाच्या गटात २०१९ पासून प्रवेश मिळाला. गणवेश घालून सगळं काही करणाऱ्या मुलीने आपण 'बॉय स्काउट्स'मध्ये आहोत असं किती दिवस सांगायचं? त्या मुलींनी कुणावर अन्याय केलेला नाही. पीडितांची भरपाई नव्या नावाने थांबत नाही, ती जबाबदारी कायद्याने संस्थेच्या मागे राहतेच.

तिसरा बाक, लोकांच्या तोंडी रुळलेलं नाव घ्यावं हे मलाही मान्य आहे. मी स्वतः काम घेते तेव्हा पहिले काही दिवस फक्त फोन उचलणाऱ्यांच्या शेजारी बसते. लोक संस्थेला काय म्हणतात ते तिथे कळतं. पण हेही रीब्रँडिंगच आहे! ऑक्सफॅमने तारेचा पत्ता नाव म्हणून घेतला तो कुणीतरी ठरवूनच ना? विरोध वाईट पद्धतीला करा, बदलाला नको.

शब्द मळतात हे खरं. म्हणून ते तसेच अंगावर ठेवायचे का?

जमाखर्च

एका संस्थेचे हिशेब बघतो. वाद चालू द्या, पण नाव बदलल्यावर टेबलावर काय येऊन पडतं ते सांगतो, कारण सादरीकरणात ते कधीच नसतं.

दरमहा आपोआप देणगी कापली जाणारे देणगीदार कुठल्याही संस्थेचा कणा असतात. नाव बदललं की त्यांच्या बँकेच्या विवरणपत्रात एके दिवशी अनोळखी नाव दिसतं. पत्र पाठवलेलं असतं, ईमेलही असतो, वाचलेला नसतो. मग काही जण घाबरून बँकेत तक्रार करतात आणि कपात थांबवतात. यातले सगळे परत येत नाहीत. मृत्युपत्रांचं आणखी वेगळं. कुणीतरी फार पूर्वी जुन्या नावाने संस्थेला काही ठेवलेलं असतं. तीच ही संस्था, हे वारसांपुढे आणि वकिलांपुढे सिद्ध करायला जुनी कागदपत्रं नीट लावलेली लागतात. जुना संकेतस्थळाचा पत्ताही सोडून चालत नाही. नूतनीकरण चुकलं की दुसराच कुणी तो घेतो आणि तुमच्या जुन्या पत्रकावरून आलेला माणूस भलतीकडे पोचतो.

यावर एक मधला मार्ग आहे. कायदेशीर नाव तेच ठेवायचं आणि व्यवहारात नवं वापरायचं. पायवाट यांनी दिलेल्या आरएनआयडीच्या उदाहरणात हेच होतं. 'ॲक्शन ऑन हिअरिंग लॉस' हे व्यवहारातलं नाव होतं, कायद्याच्या दृष्टीने संस्था आरएनआयडीच राहिली. परत फिरणं त्यामुळे बरंच सोपं गेलं असणार.

आणि आद्याक्षरं जपा. आरएनआयडीमधला शेवटचा डी आधी 'डेफ'चा होता, पुढे 'डेफ पीपल'चा झाला, अक्षरं तीच राहिली. १९८६ मध्ये 'वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड'चं 'वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर' झालं तेव्हाही डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि १९६१ पासूनचा पांडा दोन्ही तसेच राहिले. अमेरिका आणि कॅनडातल्या शाखांनी तर जुनं नावही सोडलं नाही. त्याच अक्षरांसाठी ही संस्था कुस्तीवाल्या कंपनीशी न्यायालयात लढली आणि २००२ मध्ये त्या कंपनीलाच नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई करावं लागलं.

पाटीपेन्सिल

इतका वेळ वाचत होते. इथे देणगीदार आहेत, विश्वस्त आहेत, डिझायनर आहेत, हिशेबनीस आहेत. ज्यांना मदत मिळते त्यांच्या बाजूने कुणी बोललं नाही, म्हणून लिहितेय.

मी एका संस्थेच्या मदतीवर शिकले. संस्थेचं नाव इथे सांगणार नाही. त्या नावात 'निराधार' हा शब्द होता. दरवर्षी दप्तर मिळायचं, चांगलं, मजबूत. त्याच्या बाहेरच्या कप्प्यावर ते नाव ठळक पांढऱ्या अक्षरांत छापलेलं असायचं. आम्ही मुली दप्तर पाठीला लावायचो नाही. पोटाशी उलटं धरायचो, म्हणजे अक्षरं आतल्या बाजूला राहायची. पाऊस असेल तर बरं, वरून प्लॅस्टिक घालता यायचं. शिवण उसवून तो कप्पाच काढून टाकलेली एक मैत्रीण होती. तिला त्याबद्दल बोलणी बसली, 'देणाऱ्यांची किंमत नाही' म्हणून.

संस्थेने मला जे दिलं त्याबद्दल मनात कृतज्ञता आहे, आणि त्या नावाबद्दल अजून राग आहे. दोन्ही एकदम असतं. ते नाव देणगीदाराला कळवळा यावा म्हणून ठेवलेलं होतं. वागवायचं मात्र आम्हाला होतं.

पायवाट, तुमचं तिसरं कारण म्हणजे आम्ही. पण ते तुम्ही यादीत शेवटी टाकलंत आणि एका ओळीत संपवलंत. माझ्या लेखी पहिलं तेच आणि बाकी सगळं त्यानंतर.

पायवाट

पाटीपेन्सिल, तुमचा प्रतिसाद मी संस्थेतल्या दोघांना वाचून दाखवला.

तुमच्या अनुभवामुळे माझा मूळ आक्षेप मला आणखी ठामपणे मांडावासा वाटतो. तुमच्या संस्थेचं नाव देणाऱ्यांसाठी ठेवलं गेलं. आमचं नवं नावही देणाऱ्यांसाठीच ठेवलं जातंय, फक्त त्या जुन्या काळी कळवळा विकला जायचा आणि आता प्रसन्नपणा. एजन्सीच्या अहवालात देणगीदारांच्या मुलाखती आहेत, कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागांच्या आहेत. ज्यांच्या घरी आम्ही जातो त्या एकाही आजी-आजोबांची नाही. घरभेटीला जाणाऱ्या कार्यकर्त्यांचीही नाही. आणि दाराबाहेर उभं राहून नाव सांगायचं असतं ते त्यांनाच. एकटी राहणारी वृद्ध बाई साखळी लावूनच दार किलकिलं करते. वर्षानुवर्षं ऐकलेलं नाव कानावर पडलं की साखळी निघते. उद्यापासून तिथे नवा शब्द सांगायचा, तर पहिले काही महिने ती दार उघडणार नाही, आणि तिने उघडूही नये. वृद्धांना फसवणारे असेच नवनवीन नावं सांगत येतात.

रंगरेषा

हा साखळीचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि तो मूळ लेखात नव्हता. पण एक अडचण सांगते. तुम्ही ज्यांना विचाराल ते सगळे आधीच आत आलेले लोक आहेत. त्यांना नाव खटकलं असतं तर ते आलेच नसते, किंवा खटकूनही नाइलाजाने आले. मदत हवी असूनही जे आले नाहीत त्यांना कोण विचारणार? पाटीपेन्सिल यांच्या संस्थेतही, 'निराधार' शब्द वाचून परत फिरलेली एखादी आई असेलच की. तिचं मत कुठल्याच मतदानात येत नाही. म्हणून बाहेरच्या माणसाने, पैसे घेऊन का होईना, शोध घेणं गरजेचं असतं.

नदीकाठ

विचारून तरी सगळं सुटतं का? अमेरिकेतल्या पक्षिप्रेमींच्या 'नॅशनल ऑडुबॉन सोसायटी'चं बघा. जॉन जेम्स ऑडुबॉन हा मोठा चित्रकार, पण गुलाम बाळगणारा. वर्षभर विचारविनिमय झाला आणि २०२३ मध्ये संचालक मंडळाने नाव तेच ठेवायचं ठरवलं. तीन संचालकांनी राजीनामे दिले. सिॲटल, शिकागो, न्यूयॉर्क इथल्या स्थानिक शाखांनी मात्र स्वतःपुरतं नाव बदलून टाकलं. आज देशपातळीवर एक नाव आणि गावोगावी दुसरं. मला ते वाईट वाटत नाही. जिथे माणसं रोज भेटतात तिथल्यांनी आपलं आपण ठरवलं.

तिसरा बाक

नदीकाठ, ऑडुबॉनच्या शाखा कायद्याने स्वतंत्र संस्था आहेत म्हणून त्यांना ते जमलं. एकाच नोंदणीखाली चालणाऱ्या संस्थेत प्रत्येक केंद्राने आपलं नाव ठेवलं तर जमाखर्च यांना झोप लागणार नाही.

रंगरेषा, न आलेल्यांचा मुद्दा रास्त. पण त्याचा शोध एजन्सीपेक्षा दवाखान्यातली परिचारिका किंवा औषधाच्या दुकानातला माणूस जास्त चांगला घेऊ शकतो. 'अमुक संस्थेकडे जा' असं सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो हे ते रोज बघतात. त्यांच्याशी बोलायला अहवाल लागत नाही.

पाटीपेन्सिल

पायवाट, एक विचारायचं राहिलं. तुमचे कार्यकर्ते घरी जातात तेव्हा अंगात संस्थेचं जाकीट असतं का? गाडीवर नाव असतं का? शेजाऱ्यांना ते दिसतं का? कारण साखळी काढणं ही एक बाजू झाली. 'हिच्याकडे संस्थेचे लोक येतात, म्हणजे मुलं बघत नाहीत' हे जिन्यात बोललं जाणं ही दुसरी.

पायवाट

जाकीट असतं, पाठीवर मोठ्या अक्षरांत नाव. ते दिसावं असाच आग्रह असतो, कारण फोटोत यावं लागतं. तुम्ही म्हणता त्या बाजूने हा प्रश्न बैठकीत कुणी मांडलेला नाही, मीही नाही.

पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मागणार आहे. नव्या नावाचा निर्णय घरभेटीचे कार्यकर्ते आणि किमान काही घरांतले वृद्ध यांच्याशी बोलल्याशिवाय होऊ नये. आणि नाव कुठलंही राहो, जाकिटावर ते पाठीवर न छापता छातीवर लहान अक्षरांत छापावं, म्हणजे दार उघडणाऱ्याला वाचता येईल आणि जिन्यातल्यांना नाही. रंगरेषा, न आलेल्यांबद्दल तुम्ही म्हणालात तेही घालतो, पण एजन्सीमार्फत नाही. जवळच्या दवाखान्यांत मी स्वतः जाऊन विचारेन.

रंगरेषा

छातीवरची अक्षरं किती लहान ते तुमचं तुम्ही ठरवू नका. किलकिल्या दारातून, जिन्यातल्या अंधुक उजेडात, चष्मा न लावता ती वाचता यायला हवीत. नमुना छापून आधी दोन-चार घरी दाखवून या. आणि तुम्ही विचारून आलात आणि निम्म्या लोकांनी 'नवं नाव चालेल' म्हटलं, तर ते इथे येऊन लिहा. तेव्हाही मी तुमच्याशी भांडणार आहे, कारण ते तीन निकष मला अजूनही फार अरुंद वाटतात.